विमानाची खिडकी: आकार, ताण आणि सुरक्षितता

विमानाच्या धडाला पाडलेले प्रत्येक भोक ते धड थोडेफार कमकुवत करते. प्रवाशांचे दार, सामानाचे दार, अँटेनाची जागा ही सगळी भोकेच, पण संख्येने सर्वांत जास्त असतात त्या खिडक्या, आणि त्या एकाच उंचीवर एका ओळीत येतात. म्हणून खिडकीचा आकार ठरवताना प्रवाशाला बाहेरचे किती दिसेल याच्या आधी कोपऱ्याशी असलेल्या पत्र्याचे काय होईल हे पाहावे लागते. हा धडा विमानउद्योगाने १९५०च्या दशकात फार मोठी किंमत देऊन घेतला. त्या कहाणीतल्या विमानांचा एक थांबा मुंबई होता आणि त्यांतल्या एका विमानाचा शेवट कलकत्त्याजवळ झाला.

जमिनीपासून सुमारे ११,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक चतुर्थांशाहूनही कमी असतो. एवढ्या विरळ हवेत माणसाचे भान मिनिटभरात हरपते. म्हणून केबिनमध्ये हवा भरून दाब वाढवलेला असतो. तोही समुद्रसपाटीइतका ठेवत नाहीत. बहुतेक विमानांत तो १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो, म्हणजे १,६४६ मीटर उंच कळसूबाईच्या माथ्यावर असतो त्याहून जरा कमीच. आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या किंचित वर जातो. आकडा किरकोळ वाटतो, पण २५ सेंमी रुंद आणि ३६ सेंमी उंच खिडकीवर तो चारशे किलोंच्या पुढे भरतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमधून बाहेर पडणारी रुईची गाठ १७० किलोची असते. अशा दोन गाठींहून जास्त भार प्रत्येक खिडकी उड्डाणभर आतून बाहेरच्या दिशेने पेलत असते.

हा भार एकदाच येऊन थांबत नाही. उदाहरणार्थ, मुंबई ते नागपूर सरळ रेघ ओढली तर ती यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या थोडी उत्तरेला, धामणगावच्या जवळून जाते. मुंबईहून येणारे विमान या पट्ट्यावर पोहोचते तेव्हा सहसा त्याने उतरायला सुरुवात केलेली असते, बाहेरचा दाब वाढत असतो आणि खिडक्यांवरचा भार हलका होत असतो. दीडेक तासाच्या या प्रवासात विमानाचे धड एकदा फुगले आणि एकदा आकसले. याला एक दाबचक्र म्हणतात. दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारणारे विमान वर्षाला सुमारे दोन हजार चक्रे पुरी करते. विमानाच्या पत्र्याचे वय म्हणूनच आधी चक्रांत मोजावे लागते, तासांत नंतर. न्यूयॉर्कला जाणारे विमान पंधरा तास उडून एकच चक्र पुरे करते. मुंबई-नागपूर-मुंबई करणारे विमान तेवढ्या वेळात कितीतरी चक्रे ओलांडते.

केबिनमध्ये दाब नसेल तर खिडकीचा आकार फारसा महत्त्वाचा राहत नाही. याचे उदाहरण विदर्भातच सापडते. १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. या कामात डाकोटा विमाने वापरली जात. डाकोटाच्या खिडक्या जवळजवळ आयताकृती होत्या आणि त्यांच्यापासून कोणताही धोका नव्हता, कारण ही विमाने कमी उंचीवरून उडत आणि त्यांच्या केबिनमध्ये बाहेरचीच हवा असे. पत्र्यावर आतून दाबच नव्हता. चौकोनी खिडकी धोकादायक ठरली ती विमाने उंच उडू लागल्यावर.

उंच उडणे गरजेचे होते. वर हवेचा विरोध कमी असतो, ढगांचा आणि वादळांचा बराचसा भाग खाली राहतो, आणि जेट इंजिन तर उंचीवरच काटकसरीने चालते. त्यामुळे दाबयुक्त केबिन आली, आणि तिच्याबरोबर खिडकीच्या कोपऱ्याचा प्रश्न आला.

या प्रश्नाचे गणित विमानांच्या आधीपासून ठाऊक होते. ओढलेल्या पत्र्यातले बल भोकातून पार जाऊ शकत नाही. त्याला भोकाला वळसा घालावा लागतो, आणि वळण जितके आखूड तितके ते तिथे दाटते. १८९८ मध्ये जर्मन अभियंता किर्श याने दाखवले की एका दिशेने ओढलेल्या रुंद पत्र्यात गोल भोक असेल तर भोकाच्या कडेवरचा सर्वांत मोठा ताण उरलेल्या पत्र्यातल्या ताणाच्या तिप्पट होतो. भोक मोठे की लहान याने फरक पडत नाही. १९१३ मध्ये ब्रिटिश अभियंता इंग्लिस याने लंबगोल भोकाचे आणि टोकदार कोपऱ्याचे गणित मांडले. टोकाची गोलाई जितकी आखूड तितका ताण जास्त, आणि चिरेच्या अणीवर तर तो अफाट. दुसऱ्या महायुद्धात घाईने बांधलेल्या अमेरिकी मालवाहू जहाजांच्या डेकवर चौकोनी झडपांच्या कोपऱ्यांतून तडे गेले तेव्हा याच गणिताचा प्रत्यय आला होता.

विमानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा उल्लेख लोकप्रिय लेखनात क्वचितच येतो. विमानाचे धड नळकांड्यासारखे असते. आतून दाब दिला की त्याच्या घेराच्या दिशेने जो ताण येतो तो लांबीच्या दिशेतल्या ताणाच्या दुप्पट असतो. अशा पत्र्यात पूर्ण गोल भोक पाडले तर त्याच्या कडेवरचा सर्वांत मोठा ताण घेराच्या दिशेतल्या ताणाच्या अडीच पट होतो. तेच भोक उभे लंबगोल केले, उंची रुंदीच्या दीडपट ठेवली, तर हा आकडा १.८३ वर येतो. उंची दुप्पट केली तर तो १.५ होतो आणि कडेवर सर्वत्र सारखा पसरतो. म्हणजे ताण दाटेल अशी एकही जागा उरत नाही. हे आकडे कडेला मजबुती न दिलेल्या पत्र्याचे आहेत, पण कल कळायला पुरेसे आहेत. प्रवासी विमानांच्या खिडक्या रुंदीपेक्षा उंच का असतात याचे मुख्य उत्तर या गणितात आहे. गोल खिडकी सर्वांत सुरक्षित हा समज त्यामुळे अर्धवट ठरतो; नळकांड्याच्या भिंतीत उभी लंबगोल खिडकी तिच्याहून सरस असते.

आता सुरुवातीला उल्लेखलेल्या विमानांकडे, म्हणजे कॉमेटकडे. ब्रिटनमधल्या डी हॅविलँड कंपनीचे हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान. त्याचे पहिले उड्डाण २७ जुलै १९४९ रोजी झाले आणि २ मे १९५२ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीने लंडन-जोहान्सबर्ग मार्गावर त्याची प्रवासी सेवा सुरू केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडन-कोलंबो सेवा सुरू झाली, आणि रोम, बैरुत, बहारीन, कराचीनंतर तिचा थांबा मुंबई होता. जुलै १९५३ मध्ये बीओएसीचे एक कॉमेट सांताक्रूझऐवजी चुकून शेजारच्या जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि सुमारे नऊ दिवसांनी तिथून बाहेर काढले गेले. मुंबईकरांनी त्या झळाळत्या विमानाला इतक्या जवळून पाहिले ते असे.

कॉमेट १२,००० मीटरपर्यंत चढत असे, आणि त्याच्या केबिनमधला दाबाचा फरक आधीच्या विमानांपेक्षा बराच जास्त होता. वजन वाचवण्यासाठी पत्रा पातळ ठेवला होता: बऱ्याच भागात ०.७१ मिलिमीटर, काही ठिकाणी ०.९१ मिलिमीटर. खिडक्या मोठ्या आणि चौकोनाकडे झुकणाऱ्या होत्या. त्यांचे कोपरे अगदी काटकोनी नव्हते, गोलाई दिलेली होती. पण ती आखूड होती.

सेवा सुरू होऊन बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले कॉमेट काही मिनिटांतच वादळात सापडले आणि हवेतच मोडले. जगलगोडी गावाजवळच्या लोकांनी पंख नसलेले, पेटलेले धड पावसातून खाली येताना पाहिले. विमानातले सर्व ४३ जण मरण पावले. भारत सरकारने नेमलेल्या न्यायालयीन चौकशीने वादळातल्या प्रचंड झोतांमुळे सांगाडा मोडल्याचा निष्कर्ष काढला. हा अपघात खिडक्यांच्या खात्यावर टाकता येत नाही, आणि तसे लिहिणाऱ्यांनी चौकशीचा निष्कर्ष पाहायला हवा. नव्या विमानाच्या सांगाड्याकडे मात्र पहिल्यांदा बोट दाखवले गेले ते बंगालमधल्या या शेतांतून.

पुढचे दोन अपघात वेगळे होते. १० जानेवारी १९५४ रोजी सिंगापूरहून कलकत्ता, कराची करत आलेले कॉमेट रोमहून लंडनकडे निघाले आणि वीसेक मिनिटांत एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. ३५ जण गेले. हवा स्वच्छ होती. इटालियन डॉक्टरांना मृतदेहांत फुटलेली फुप्फुसे आणि कवटीच्या जखमा आढळल्या. केबिन एका क्षणात फुटल्याची ती खूण होती. कॉमेटची उड्डाणे थांबली, काही दुरुस्त्या झाल्या आणि मार्चमध्ये ती पुन्हा सुरू झाली. ८ एप्रिल १९५४ रोजी नेपल्सजवळ आणखी एक कॉमेट कोसळले, २१ जण मेले, आणि या वेळी या पहिल्या कॉमेटची प्रवासी उड्डाणे कायमची बंद झाली.

फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये सर आर्नल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली जी चाचणी झाली ती अभियांत्रिकीच्या इतिहासात आजही शिकवली जाते. सेवेतून काढलेल्या एका अख्ख्या कॉमेटचे धड मोठ्या टाकीत ठेवून टाकी आणि धड दोन्ही पाण्याने भरले. पंख टाकीबाहेर राहिले आणि उड्डाणातल्या हिसक्यांसारखे ते जॅकने खालीवर हलवले जात होते. हवेऐवजी पाणी वापरण्याचे कारण साधे होते. पाणी दाबले जात नाही. धड फाटले तरी स्फोट होत नाही आणि तडा जिथे सुरू झाला ती जागा शाबूत सापडते. धडात आणखी पाणी ढकलून दाब वाढवायचा, मग उतरवायचा, असे रात्रंदिवस चालले. या विमानाने सेवेत १,२२१ उड्डाणे केली होती. टाकीत आणखी १,८३६ चक्रे झाली, आणि एकूण ३,०५७ व्या चक्राला धड फाटले. तडा एका आपत्कालीन झडपेतल्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघाला होता.

मोजमापांतून दिसले की कोपऱ्याजवळचा ताण धातूच्या अंतिम ताकदीच्या ७० टक्क्यांच्या आसपास पोहोचत होता. रेखाटनात धरलेल्या अंदाजापेक्षा तो फार जास्त होता. ऑगस्टमध्ये एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात एल्बाच्या विमानाच्या छताचा तुकडा सापडला. त्यात दिशाशोधक अँटेनासाठी पाडलेल्या दोन चौकोनी जागा होत्या, आणि मागच्या जागेच्या कोपऱ्यालगतच्या भोकापाशी तडा सुरू झालेला होता.

याचा अर्थ असा की एल्बाचे विमान प्रवाशाच्या खिडकीतून फुटले नव्हते. अँटेनाच्या जागेला काचही नव्हती. 'चौकोनी खिडक्यांमुळे विमाने कोसळली' हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. ते जवळ जाणारे आहे, पण अपुरे आहे. दोष चार ठिकाणी होता आणि चारही एकत्र आले. कोपऱ्याची गोलाई आखूड होती. रिव्हेटसाठी ठोकून पाडलेल्या भोकांच्या कडेला बारीक चिरा राहिल्या होत्या. पत्रा पातळ होता आणि तडा गेला तर त्याला अडवणारे पुरेसे काही नव्हते. आणि चाचणी फसवी होती. कंपनीने धडाच्या एका भागावर हजारो चक्रांची चाचणी घेतली होती आणि तो सुमारे १६,००० चक्रे टिकला होता. पण त्याच तुकड्यावर आधी नेहमीच्या दुप्पट दाब देऊन पाहिला होता. त्या जादा दाबाने कोपऱ्यांतला धातू किंचित ताणला गेला, दाब काढल्यावर तिथे उलटा, आवळणारा ताण मुरला, आणि तुकडा प्रत्यक्ष विमानांहून कितीतरी जास्त टिकाऊ भासला. चारांपैकी सर्वांत शिकण्यासारखा दोष हा शेवटचा. आकाराची चूक मोजपट्टीने पकडता येते. चाचणीतली चूक मात्र चुकीच्या आकारालाही पास करून टाकते.

सुधारलेले कॉमेट ४ हे १९५८ मध्ये जाड पत्रा आणि गोलसर खिडक्या घेऊन अटलांटिकवर उडू लागले. त्याच वर्षी बोईंग ७०७ही सेवेत आले. एअर इंडियाने १९६० मध्ये ते घेतले. त्याच्या खिडक्या लहान, उभ्या आणि भरपूर गोलाईच्या होत्या, पत्रा जाड होता, आणि आतून ठरावीक अंतरावर तडा थोपवणाऱ्या पट्ट्या होत्या. तडा जाणारच नाही असे गृहीत धरण्याऐवजी तडा गेला तरी तो एका चौकटीच्या पुढे सरकू नये, हे धोरण इथून रुजले. १९७८ मध्ये अमेरिकी नियमांनी ते स्पष्टपणे बंधनकारक केले.

भारतीय प्रवाशाने या काळात खिडकीचे बरेच प्रकार पाहिले. इंडियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये आणलेल्या व्हायकाउंटच्या खिडक्या सुमारे ६६ सेंमी उंच आणि ४८ सेंमी रुंद अशा उभ्या लंबगोल होत्या, आजच्या बहुतेक विमानांपेक्षा मोठ्या. हे विमान कॉमेटच्याही आधीचे, १९४८ मध्ये पहिल्यांदा उडालेले. पण त्याची उंची आणि दाब कमी होता आणि आकार योग्य होता. फॉकर फ्रेंडशिप आणि कानपुरात जुळवलेले अॅव्रो ७४८ याच वळणावर गेले. सर्वांत बोलके उदाहरण मात्र १९६४ पासून सांताक्रूझवर दिसू लागलेल्या फ्रेंच कॅराव्हेलचे. त्याच्या खिडक्या चक्क त्रिकोणी होत्या: खाली रुंद, वर निमुळत्या, म्हणजे खाली जमीन पाहण्यासाठी रुंदी आणि वर पत्रा जास्तीत जास्त शाबूत. तिन्ही कोपऱ्यांना मोठी गोलाई होती, आणि कॅराव्हेलने दशकानुदशके सेवा दिली. आकाराचे नाव त्रिकोण असो की चौकोन, सुरक्षितता कोपऱ्याच्या गोलाईवर आणि कडेच्या मजबुतीवर ठरते, हे सिद्ध करायला कॅराव्हेल पुरेसे आहे.

कडेची मजबुती म्हणजे खिडकीभोवतीची जाड धातूची चौकट. भोकामुळे जेवढा पत्रा गेला तेवढे बल ही चौकट वाहून नेते. खिडक्या धडाच्या दोन उभ्या फ्रेमांच्या मधोमध बसवतात, आणि या फ्रेमांमधले अंतर साधारण अर्धा मीटर असते. आसनांच्या ओळींचे अंतर मात्र विमान कंपनी आपल्या सोयीने ठरवते. काही आसनांशेजारी खिडकीऐवजी कोरी भिंत येते ती यामुळे, आणि तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला ते कितीही खटकले तरी फ्रेम हलवता येत नाही.

खिडकी स्वतः तीन तावदानांची असते. बाहेरचे तावदान ताणून कठीण केलेल्या अॅक्रिलिकचे असते. ताणल्यामुळे त्यात तडा सहज पसरत नाही. दाबाचा सगळा भार तेच घेते. मधले तावदान राखीव असते: बाहेरचे निकामी झाले तर भार पेलण्यासाठी. मधल्या तावदानाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असते. त्यातून दोन तावदानांमधल्या पोकळीचा दाब केबिनइतका राहतो, भार बाहेरच्या तावदानावरच पडतो आणि वाफ धरत नाही. प्रवाशाचा हात लागतो ते तिसरे तावदान केवळ ओरखडे आणि धक्के झेलण्यासाठी असते. प्रवासी खिडकी सहसा आतून बसवतात, त्यामुळे दाब तिला चौकटीवर आणखी घट्ट रेटतो.

या तीन थरांतला फरक न कळल्याने पुष्कळ घबराट होते. १ जुलै २०२५ रोजी गोव्याहून पुण्याला निघालेल्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानात खिडकीची आतली चौकट निखळून लोंबकळू लागली. प्रवाशांनी काढलेली चित्रफीत सर्वत्र फिरली. निखळलेला भाग सजावटीचा होता, केबिनचा दाब शेवटपर्यंत कायम होता, आणि पुण्यात उतरल्यावर तो बसवण्यात आला. प्रवासी घाबरले यात नवल नाही, आणि आतली चौकट सैल राहणे ही देखभालीतली उणीव आहेच. पण विमानाच्या सुरक्षिततेला तिथे धक्का लागला नव्हता. १९ एप्रिल २०१८ रोजी अमृतसर-दिल्ली मार्गावर एअर इंडियाचे बोईंग ७८७ हवेच्या जोरदार गचक्यांत सापडले, तेव्हाही आतलेच पॅनेल निघाले. तीन जण जखमी झाले, पण दाब टिकला.

त्याच्या दोनच दिवस आधी अमेरिकेत याच्या अगदी उलट घडले. १७ एप्रिल २०१८ रोजी साउथवेस्ट कंपनीच्या बोईंग ७३७च्या इंजिनातले पाते धातूच्या थकव्याने तुटले, आवरणाचे तुकडे उडाले आणि चौदाव्या ओळीतली खिडकी फुटली. तिथे बसलेली महिला अर्धी बाहेर ओढली गेली. सहप्रवाशांनी तिला आत घेतले, पण ती वाचली नाही. १९७३ मध्ये न्यू मेक्सिकोवर एका डीसी-१० विमानात असेच झाले होते, आणि तो प्रवासी खिडकीतून पूर्णच बाहेर फेकला गेला. या दोन्ही घटनांत खिडकीचा आकार निर्दोष होता. खिडकी दाबासाठी बांधलेली असते; धातूच्या तुकड्याचा आघात झेलण्यासाठी नाही. तो धोका इंजिनाच्या आवरणातच थोपवावा लागतो.

वैमानिकासमोरच्या काचांचा हिशेब निराळा. तिथे स्पष्ट दिसणे पहिले, म्हणून काचा सपाट किंवा थोड्याच वक्र आणि सरळ कडांच्या असतात. आकारातून मिळणारी सवलत तिथे नाही; तिची भरपाई अनेक थरांच्या जाड काचेने आणि भक्कम चौकटीने करतात. काचेच्या थरांत तापवणारे अस्तर असते, आणि सुमारे १.८ किलो वजनाचा पक्षी पूर्ण वेगात आदळला तरी काच भेदली जाऊ नये अशी अट असते. ५ जुलै २०२२ रोजी कांडल्याहून मुंबईला येणाऱ्या क्यू-४०० विमानात सुमारे ७,००० मीटर उंचीवर बाजूच्या काचेच्या बाहेरच्या थराला तडा गेला. आतले थर शाबूत राहिले, दाब कायम राहिला आणि विमान मुंबईत सुखरूप उतरले. थर कशासाठी असतात याचे हे साधे उदाहरण.

काच बाहेरून बसवलेली असेल तर मात्र सगळी भिस्त बोल्टांवर. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची पुढची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवल्याने तो बचावला. आदल्या दिवशीच बदललेल्या काचेचे ९० पैकी ८४ बोल्ट हव्या त्याहून बारीक निघाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या स्टॅनस्टेडहून निघालेल्या एका ए-३२१ विमानाच्या खिडक्यांची तावदाने गळून पडलेली आढळली. आदल्या दिवशी चित्रीकरणासाठी लावलेल्या प्रखर दिव्यांनी अॅक्रिलिक तापून आकसले होते. एका ठिकाणी बोल्ट, दुसऱ्या ठिकाणी उष्णता. आकार दोन्हीकडे बरोबर होता.

आकाराच्या मर्यादा आता कोठे आहेत हे नव्या विमानांवरून दिसते. सुमारे १८,००० मीटरवर उडणाऱ्या कॉंकॉर्डच्या खिडक्या अगदी लहान ठेवल्या होत्या, कारण एखादी फुटलीच तर हवा हळू गळावी आणि विमानाला खाली यायला वेळ मिळावा. एअर इंडियाने कधीकाळी दोन कॉंकॉर्डसाठी हक्क राखून ठेवला होता. ती विमाने आली नाहीत. बोईंग ७८७ उलट दिशेला गेले. त्याचे धड कार्बन तंतूंच्या थरांचे आहे, ते अॅल्युमिनियमसारखे थकत नाही, आणि त्यामुळे सुमारे ४७ सेंमी उंच आणि २७ सेंमी रुंद खिडक्या परवडल्या. केबिनचा दाबही १,८०० मीटर उंचीइतका, म्हणजे अधिक सुखावह ठेवता आला. आकार मात्र जुनाच आहे: उभा, गोलाईदार.

बाभुळगावला जवळ पडणारे मोठे विमानतळ नागपूरचे, आणि तिथे मिहान प्रकल्पात बोईंगने उभारलेले विमान देखभाल केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. खिडकीच्या सुरक्षिततेचा उरलेला अर्धा भाग अशा हँगरमध्ये घडतो. ठरावीक चक्रांनंतर आतली पॅनेले उतरवतात, चौकटी आणि रिव्हेटच्या रांगा उघड्या पाडतात, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने शोधतात. तावदानांवरची बारीक जाळी, कडेचे सील आणि गंज पाहतात. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर आलोहा कंपनीच्या बोईंग ७३७चे छत उडाले ते ८९,६८० उड्डाणांनंतर, पत्र्यांच्या जोडातल्या गंजामुळे आणि रिव्हेटच्या रांगेत जागोजाग वाढलेल्या चिरांमुळे. तिथे दोष खिडक्यांचा नव्हता. चुकली ती तपासणी. बेटांवरच्या आखूड फेऱ्यांनी त्या विमानाची चक्रे झपाट्याने वाढली होती, आणि भारतातली देशांतर्गत सेवा त्याच प्रकारची आहे. म्हणून इथल्या तपासणीत ढिलाई चालणार नाही.

प्रवाशासाठी यातून निघणारी व्यवहारातली गोष्ट थोडकी आहे. आतल्या तावदानावरचे ओरखडे, मधल्या तावदानातले बारीक भोक आणि त्याभोवती जमणारे हिमकण हे दोष नाहीत. बाहेरच्या तावदानात तडा दिसला, खिडकीच्या कडेने शिट्टीसारखा आवाज येऊ लागला किंवा आतली चौकट हलू लागली, तर चित्रीकरण करत बसण्याआधी केबिन कर्मचाऱ्याला सांगावे, आणि आसनावर असेपर्यंत पट्टा बांधलेला ठेवावा.